हळदीच्या पदरावरचे लाल थेंब

गावांना वेशी होत्या आणि वैद्य दूर होते, त्या काळची ही गोष्ट.

एका गावात एक म्हातारा हरभऱ्याची आंब गोळा करी. संध्याकाळी हरभऱ्यावर धुतलेलं कापड पसरायचं. रात्रभर झाडाचं आंबट दव त्यात मुरायचं. सकाळी ते पिळून घ्यायचं. दिसायला पाणीच, पण घोटभर घेतली की पोटदुखी थांबे. म्हातारा तिचं मोल घेत नसे. गावात त्याला मान होता, तो या आंबेमुळेच.

त्या साली त्याच्या घरात सून आली, कापड धुण्या-पिळण्याचं काम तिच्याकडे गेलं, आणि आंबेचा गुण गेला.

शेजारणीचा मुलगा पोट धरून लोळत होता. आंब देऊनही उतार पडेना. शेजारीण अंगणात येऊन म्हणाली, "आजोबा, शेत तेच, आंब तीच. घरात पाय तेवढा नवा आला. पांढऱ्या पायाची आहे हो तुमची सून."

म्हाताऱ्याने कानाआड केलं. पण सगळं गाव तेच बोलू लागलं, तेव्हा तो सुनेला म्हणाला, "पोरी, उद्या गाडी जुंपतो. माहेरी जा."

सुनेने आपलं गाठोडं बांधलं. परत पाठवलेल्या मुलीला माहेरी किती जागा असते, ते तिला ठाऊक होतं.

सकाळी नवरा खाली मान घालून बैल जुंपू लागला. शेवटचं काम म्हणून सून शेतात गेली. म्हातारा बांधावर उभा होता. शेजारीणही भांडं घेऊन आली होती. कापड पिळताना थेंब सुनेच्या पदरावर उडाले. लग्नातला पदर, हळदीने पिवळा झालेला. थेंब पडले तिथे तो लाल झाला.

शेजारणीने कपाळाला हात लावला. "रक्ताचे डाग. आता देवानेच सांगितलं."

सुनेने पदर उजेडाकडे धरला. मग तिने तो लाल रंग नीट पाहिला. तो तिच्या ओळखीचा होता. तिचे वडील कुंकू करत. हळदीला चुना लागला की हाच रंग चढे. हळद लाल होते ती चुन्यासारख्या खाराने, आंबटाने नाही. मग आंबेत खार आला कुठून?

तिला उमगलं, आणि तिचा चेहरा उतरला. तरी ती बोलली.

"मामंजी, दोष माझाच आहे. पण पायाचा नाही, हाताचा. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून मी ते राखेच्या पाण्यात धुते. विहीर लांब, म्हणून एकदाच खळबळते. राखेचा खार कापडात राहतो, तो दवाचा आंबटपणा मारतो."

"कशावरून?" म्हाताऱ्याने विचारलं.

तिने न झाकलेल्या झाडाची, दवाने ओली डहाळी खुडली आणि लाल डागावर दाबली. डाग हळूहळू पुन्हा पिवळा झाला.

म्हाताऱ्याने वाकून पदर पाहिला. मग त्याने घराकडे वळून मुलाला हाक मारली, "बैल सोड रे."

"आणि गावाला काय सांगू?" शेजारणीने विचारलं.

"सांग, सून कापड नीट खळबळत नाही. आणि सासऱ्याने तिला ते शिकवलं नव्हतं, हेही सांग."

त्या दिवशी कापड ओढ्यावर धुतलं गेलं. दुसऱ्या दिवशीच्या आंबेने दात आंबले. शेजारणीचा मुलगा ती प्याला आणि शांत झोपला. पुढे त्या घरात आंब देण्याआधी तिचा एक थेंब हळदीच्या कापडावर टाकून पाहत. ते काम सुनेकडेच राहिलं.

म्हणून अपशकुन माणसात शोधू नये. कारण कामात शोधावं.