आ करा

ही गोष्ट सांगायची मला काडीची हौस नाही. चर्चच्या मंडळीतल्या पोरांनी डोकं खाल्लं म्हणून सांगतो. मधे कुणी बोलायचं नाही.

"किती दिवस हुंगणार ती माझं तोंड, तात्या? किती दिवस?"

शांतवन दारातूनच ओरडला. टेंपोची चावी मुठीत आवळलेली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

योना तात्या चुलीपाशी लसूण सोलत बसले होते. मंडळीतले सगळ्यात म्हातारे, वडीलधारे. शांतवनची दारू सुटत होती, अंग थडथड उडत होतं, तेव्हा त्याच्या उशाशी हेच बसून राहिले होते.

"कोण हुंगतं?"

"कोण म्हणजे? रिबका! रोज संध्याकाळी दारात आडवी उभी राहते. 'अहो, आ करा.' आ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाही."

"मग करावा आ."

"आज पाहुण्यांसमोर, तात्या! श्रीरामपूरची माणसं आली होती. माझी साक्ष ठेवायची म्हणत होती, मोठ्या सभेत. मी दारू कशी सोडली ते ऐकायला लोक लांबून येतात. रडतात लोक! आणि ही त्यांच्यादेखत नाक पुढं करून..."



तात्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली.

"मी तसाच बाहेर पडलो. आता नाक्यावर जातो. पिऊनच येतो. मग हुंग म्हणावं, पोटभर हुंग!"

"जा की. मग इथं कशाला आलास?"

शांतवननं मूठ आणखी आवळली. त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"तिच्याशी खोटं किती वेळा बोललास?" तात्यांनी विचारलं.

"ते काय मोजून ठेवलंय?"

"मग तिनं तरी कशाला मोजावं?"

"पण प्रभूनं क्षमा केली ना मला? मंडळीनं केली. हिलाच काय धाड भरलीय?"

"थोमा काय म्हणाला होता?"

"कोण थोमा?"

"सभा गाजवतोस, आणि थोमा कोण विचारतोस?"

शांतवन ओशाळला. "माहीत आहे. प्रभूचा शिष्य. खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय प्रभू उठला यावर मी विश्वास ठेवणार नाही, म्हणाला."

"मग प्रभू चिडला? मी मरणातून उठून आलो, आणि हा माझी झडती घेतो, असं म्हणाला?"

शांतवननं मान हलवली.

"पाहुण्यांसमोर अपमान झाला, म्हणाला?"

"नाही."

"काय केलं त्यानं?"

"हात पुढं केला," शांतवन हळूच म्हणाला. लगेच मान ताठ झाली. "तो प्रभू होता, तात्या. मी माणूस आहे."

तात्यांनी वाटी बाजूला सारली. गुडघ्यावर हात टेकून उठले, कण्हत कण्हत त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"म्हणजे आता तुम्हीपण?" शांतवनचे डोळे लाल झाले.

तात्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच आ केला. उरलेसुरले चार दात दिसले.

"हुंग."

"तात्या, काहीतरीच काय..."

"हुंग म्हणतो ना!"

शांतवन भीतभीत वाकला.

"काय येतंय?"

"लसूण."

"अजून?"

"काही नाही, तात्या. नुसता लसूण."

म्हातारा मटकन खाली बसला. खांदे सैल पडले.

"बरं वाटलं रे," तात्या म्हणाले. "लई वर्षांनी कुणीतरी बघितलं."

शांतवन त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही... पीत होता?"

"तुझ्या बापानं सांगितलं नाही? गटारीतून मला तोच उचलायचा. भला माणूस, पोटात ठेवलं."

"आणि एस्तेर काकू हुंगायच्या?"

"रोज."

"थांबल्या कधी?"

"गेली तेव्हा."

चुलीतलं लाकूड तडतडलं. शांतवनची मूठ कधी सुटली, त्याला कळलं नाही. चावी खाली पडली होती.

"राग नाही यायचा तुम्हाला?"

"यायचा तर! एकदा नुसतं खोकल्याचं औषध पिऊन आलो. रात्रभर ओट्यावर झोपवलं मला, थंडीत. सकाळी बाटली दाखवली. बघितली, आणि गुमान चहा टाकायला गेली. माफीचा एक शब्द नाही."

शांतवनला हसू फुटलं. मग तो इतका हसला की डोळे पुसावे लागले.

चावी उचलून तो निघाला. नाक्याकडे नाही, गल्ली ओलांडून समोरच्याच घराकडे.

रिबका दारात उभी होती, चौकट दोन्ही हातांनी धरून. तिनं तोंड उघडायच्या आत शांतवन पायरीखाली थांबला, मान वर केली आणि आ केला.

ती वाकली. हुंगलं.

मग तिनं इतका लांब श्वास सोडला की तो किती वेळ धरून ठेवला होता, ते शांतवनला तेव्हा समजलं.

"हातपाय धुवा," ती म्हणाली. "भाकरी टाकते." आणि दारातून बाजूला झाली.

शांतवन उंबऱ्यावरून मागं वळला. गल्लीपलीकडे तात्या ओट्यावर येऊन उभे होते.

"तात्या," त्यानं हाक मारली, "मग ती माफी राहूनच गेली की हो!"

"राहते कशी? वर गेलो की आधी आ करायला लावील, मग मागेल... एस्तेर आहे ती."