दुपारच्या गोग्रासाची कहाणी

आयाबायांनो, आधी माफी मागतो. मी सातवीतून शाळा सोडली. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि शब्दही गोठ्यातलेच आहेत. तुमच्यासमोर उभं राहून बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहून दिलंय. आमची इंदूआत्या वाचेल. हातात अक्षता घ्या, पुरणाची ताटं जरा बाजूला ठेवा आणि ऐका.

ऐक गाई, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं. नगरात एक आळी होती. आळीत घरं सतरा होती आणि गाय एकच होती. गाईचं नाव पोवळी. ती हौसाच्या घरची. हौसा त्या घरची सून. घरात सासू होती आणि एक रांगतं पोर होतं. पोर पोवळीच्या दुधावर वाढत होतं.

वैशाख आला. शुक्रवारचं व्रत आलं. नेम असा, की सूर्य डोक्यावर आला की गाईला पुरणपोळीचा घास द्यायचा, मग आपण जेवायचं. सतरा घरांतून सतरा ताटं निघाली. गाय एकच, मग सतराही ताटं पोवळीपुढं आली. सासू हरखली. म्हणाली, "या गं या. देव आमच्याच गोठ्यात उभा आहे."

पहिल्या शुक्रवारी पोवळीनं पोळ्या खाल्ल्या. डोक्यावर पत्रा तापलेला. मग ती जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली. दूध तांब्याभर कमी आलं. सासू म्हणाली, "दृष्ट लागली." मग मीठमिरच्या ओवाळून टाकल्या.

दुसऱ्या शुक्रवारी पोवळीनं पुन्हा पोळ्या खाल्ल्या. मग तोंडातून लाळेच्या तारा लोंबल्या, रवंथ थांबला, दूध निम्म्यावर आलं. सासू म्हणाली, "व्रतात काही उणं पडलं. पुढच्या खेपेला दोन दोन पोळ्या आणा गं."

पोर रिकामी वाटी चाटू लागलं.

मग हौसा गाईपाशी बसली. तिच्या कुशीवर हात ठेवला. कूस चुलीच्या भिंतीसारखी तापलेली लागली. हौसानं मनाशी विचार केला. दुपारी उकडलं तर मी चुलीपुढून उठते, ओसरीवर जाते. हिच्या तर पोटातच चूल. खाल्लेलं जिरताना ती पेटते. आणि आम्ही भरदुपारी तिच्यात पुरणाचं सरपण कोंबतो. ही उठून जाणार कुठं?

मग हौसानं वसा घेतला. कुणी दिला नाही, तिचा तिनंच घेतला. वसा काय? तर उजाडायच्या आत हिरव्या चाऱ्याची बारीक कुट्टी घालावी. ऊन उतरलं की पुन्हा घालावी. आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंडी-भुश्यात, थोडं मीठ घालावं, गुरांच्या डॉक्टरला विचारून खायचा सोडा घालावा. गार पाणी सावलीत ठेवावं, पिईल तितकं पिऊ द्यावं. भरदुपारी दाणा नाही, पोळी नाही. देवाच्या नावाची असली तरी नाही.

तिसरा शुक्रवार आला. ताटं आली. हौसा गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

सगळ्यांच्या पुढं पाटलीणबाई, हातात चांदीचं ताट. "बाजूला हो गं."

"नाही व्हायची."

"गोमातेच्या तोंडचा घास काढतेस?"

"तिच्या तोंडाला फेस आलाय, बाई. घास जाईल कुठून?"

मागून कुणी तरी फिसकन हसलं. "बघा, गोठ्यातली डॉक्टरीण!"

सासू कडाडली, "सटवे, चारचौघींत माझं नाक कापलंस. आता तुला हळदीकुंकवाला कुणी बोलावणार नाही."

"नका बोलावू. माझं कुंकू मी घरी लावीन, आत्याबाई. पण पोराची वाटी रिकामी आहे, ती तुमच्या व्रतानं भरायची नाही."

मग हौसा म्हणाली, "पाटलीणबाई, भांडण कशाला? तुम्हीच या आत. हे घोंगडं पांघरा, पत्र्याखाली पोवळीशेजारी बसा, आणि तीन पोळ्या खा. पाणी मात्र मागायचं नाही. तिला कुठं मागता येतं? तिसरी पोळी गोड लागली, तर मी दार सोडीन."

पाटलीण हट्टाची. घोंगडं पांघरून बसली. पहिली पोळी खाल्ली, म्हणाली, "तूप चांगलं कढलंय." दुसरी पोळी खाल्ली. कपाळाचं कुंकू घामानं नाकावर उतरलं. तिसरी अर्धी झाली, तसं घोंगडं भिरकावलं आणि ओरडली, "पाणी! अगं मेले, बघतेस काय, पाणी दे!"

हौसानं तांब्या दिला. म्हणाली, "दोन शुक्रवार ही हेच म्हणत होती."

पाटलीण अर्धा तांब्या प्यायली. मग पोवळीकडं बघितलं. उरलेलं पाणी तिच्या बादलीत ओतलं आणि उठली. "ताटं उचला गं. पोळ्या पोरांना वाटा."

दोघीतिघी फणकारून घरी गेल्या, जेवल्यासुद्धा नाहीत. सासू तीन दिवस हौसाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी पोवळी रवंथ करू लागली. आठव्या दिवशी पोराची वाटी भरली. सासूनं ती वाटी नातवाला पाजली. मग बादली उचलली आणि गाईला पाणी ठेवायला गेली.

जशी पोवळी हौसाला पावली, तशी तुमची गाय तुम्हांला पावो. ज्यांच्या दारी गाय नाही, त्यांना कुणासाठी तरी दारात आडवं उभं राहायचं बळ येवो. ही सतरा ताटांची कहाणी, अडीच पोळ्यांत सुफळ संपूर्ण.

एवढं मी काल लिहिलं. या आळीत गाय आमची एकटी तांबू, हे तुम्हांला ठाऊक आहे. ताटं कुणाकडं निघालीत, हे मलाही ठाऊक आहे. आज सकाळी उठलो, उजाडायच्या आत तांबूला कुट्टी घातली, पाणी भरलं. गोठ्याच्या दाराला अडसर लावला. मग घोंगडं झटकून दारात अंथरलं.