सात सभासद आणि एक हेर

“आठ दिवसांत सभेला सगळं सांगा! आणि त्यातलं अक्षरही शत्रूच्या कानी जाता कामा नये! सभा रुसली तर तुमची पगडी जाईल, हेर पकडला गेला तर तुमचं डोकं!”

राजा धवलसेनाचा हुकूम ऐकून हेरखात्याचे प्रमुख त्र्यंबकराव घामाघूम झाले. शेजारच्या काळदुर्गात, शत्रूच्या राज्यात, वर्षभर त्यांचा एक हेर फिरत होता. तो कोणत्या वेशात फिरतो, हे सभेच्या सातही सभासदांना जाणून घ्यायचं होतं. त्यातले शिदोजी पाटील तर भर सभेत मूठ आपटून गरजले होते, “हेर पाठवायला आमची संमती लागते, मग आमच्यापासूनच लपवता काय?”

आता सभासदांना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत बाजारात पोचतं, हे सगळ्या गावाला ठाऊक! आणि बाजारात काळदुर्गचे खबरे कान टवकारून बसलेले.

त्र्यंबकरावांनी गोजरा शिंपिणीचं घर गाठलं. हेरांचे वेश तीच शिवायची. काळदुर्गात गेलेला हेर तिचा सख्खा भाऊ होता.

“गोजरा, सांगितलं तर तुझा भाऊ जातो. नाही सांगितलं तर मी!”

गोजरानं दातांनी दोरा तोडला. “विचारायचा हक्क आहे त्यांना, रावसाहेब. सांगू की! पण मी सांगते. आणि एकेकाला.”

दुसऱ्या दिवशी एकेक सभासद तिच्यापुढे आला. गोजरानं शपथ घालून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. “कुणाला सांगणार नाही!” म्हणत जो तो छाती फुगवून बाहेर पडला. शिदोजी तेवढे खेकसले, “एवढ्यासाठी इतके दिवस झुलवलंत?”

तिसऱ्या दिवशी बाजार नुसता पेटला!

“आपला हेर कासार आहे म्हणे, बांगड्या विकतो!”

“छे! नंदीबैलवाला! माझ्या मेव्हण्याला आतून कळलंय.”

“वेडे आहात! तो वैदू आहे!”

कुणी गोंधळी म्हणे, कुणी अत्तरवाला, कुणी चाकूला धार लावणारा. पानाच्या दुकानापुढे दोघांवर तर एकमेकांची गचांडी धरायची वेळ आली.

आठव्या दिवशी सभेत राजा कडाडला, “गोजरा! तू सभेला थापा मारल्यास?”

“एकही नाही, महाराज! माझा भाऊ दर काही दिवसांनी सोंग बदलतो. कासार झाला, वैदू झाला, नंदीबैलवाला झाला. एकेका सभासदाला मी एकेक खरं सोंग सांगितलं. सभेला सगळं सांगितलं, फक्त वाटून सांगितलं!”

सहा सभासदांनी घाईघाईनं माना खाली घातल्या. तक्रार करावी, तर आपणच फोडलं हे कबूल करावं लागणार!

“आणि शत्रू?” राजानं विचारलं.

“त्याचे खबरे सहा बातम्या घेऊन गेले, महाराज. त्यातलं एकही सोंग आता माझ्या भावाच्या अंगावर नाही. शोधा म्हणावं!”

“सहा? सभासद तर सात आहेत!”

गोजराचा आवाज उतरला. “सातवं सोंग कल्हईवाल्याचं. मी सांगितलं त्या दिवशी भाऊ त्याच वेशात काळदुर्गात होता. ते मी शिदोजी पाटलांना सांगितलं. बाजारात कुणी कल्हईवाल्याचं नाव काढलं नाही. काल माझा भाऊ सुखरूप घरी आला.”

राजा चकित झाला. “सगळ्यात जास्त ओरडणाऱ्याच्या हाती भावाची मान दिलीस?”

“म्हणूनच दिली! त्यांना जे बोलायचं ते तोंडावर, मूठ आपटून बोलतात. कुजबुजायला त्यांना जमतंच कुठे?”

राजा पोट धरून हसला. शिदोजींच्याही मिशा हलल्या. राजानं गळ्यातला कंठा काढून गोजराला दिला. “आजपासून हेरखात्याची खबर सभेला तू सांगायचीस, आणि आधी शिदोजींना!”

“पण मी दर महिन्याला विचारणार!” शिदोजी गरजले. “आता पुढचं सोंग कोणतं?”

“सांगते की, पाटील,” गोजरा म्हणाली. “पण विचारताना आवाज जरा हळू! काळदुर्ग इथून फक्त बारा कोसांवर आहे!”

हे ऐकून राजाला पुन्हा असं हसू फुटलं, की त्या दिवसाची सभा तिथेच उठली.