स्तंभावरचं नाव

महापुरात माणसं वाचवताना दामू पाटोळे हा नावाडी बुडाला. गावात त्याचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. सभापती चंद्रहासराव कळंबटे यांनी मोठ्या थाटात पडदा सारला. दामूची बायको गोजराबाई जवळ गेली आणि थबकली. दगडावर कोरलं होतं, ‘दमू पतोले’.

“हा कोण?” तिनं विचारलं.

“अहो, तुमचेच मालक! दगडाचा मजकूर इंग्रजीत होता, कॉम्प्युटरनं त्याचं मराठी केलं. यंत्राला काय कळतंय? चालायचंच,” म्हणत सभापतींनी शाल पुढं केली.

“माझा नवरा दमला असता, तर एवढी माणसं काठाला लागली नसती.” तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं ठसठशीत होतं, ‘अनावरण : सभापती चंद्रहासराव कळंबटे’. “तुमचं एवढं अवघड नाव यंत्राला बरं जमलं?”

“ते मी स्वतः तपासलं होतं,” सभापती बोलून गेले.

“मग कुणाचं नाव तपासायचं, हे काही यंत्रानं ठरवलं नाही, साहेब.”

शाल तशीच सभापतींच्या हातात राहिली. गोजराबाई मांडवातून निघाली, तिच्या मागोमाग सगळा गाव उठला.

पुढच्या महिन्यात नवा दगड बसला. त्यावर ‘दामू पाटोळे’ एवढंच कोरलं होतं.