बारीक सुईचं उत्तर

“मग सुई टोचायचीच कशाला, बाई?”

डॉ. कौस्तुभ बोरगावे पडद्याकडे बोट दाखवत होता. सव्वा वर्षाच्या कार्तिकीचा सीटी स्कॅन. डाव्या मूत्रपिंडाच्या वर लिंबाएवढी गाठ, आत खडूसारखे पांढरे ठिपके.

“न्यूरोब्लास्टोमा. शंभर वेळा विचारा, शंभर वेळा हेच सांगेन. कडक औषधांची यादीसुद्धा तयार आहे. आजच सुरू करू.”

लहान मुलांच्या कॅन्सर विभागाच्या प्रमुख डॉ. अंबपकर बाई उठल्या. त्यांनी दार उघडलं आणि कार्तिकीच्या आईला, सारिकाला, आत बोलावलं.

“सांग त्यांना.”

कौस्तुभने घसा साफ केला. “ताई, पोटातली गाठ कॅन्सरची आहे. माझी खात्री आहे.”

सारिकाने मांडीवरच्या लेकीला घट्ट धरलं.

“बरी हुईल का ती?”

कौस्तुभने पडद्याकडे पाहिलं. गाठीची लांबी होती, रुंदी होती... या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

“सांगा की, डॉक्टर. हुईल का?”

त्याची नजर बाईंकडे वळली.

बाई सारिकाशेजारी बसल्या. “ताई, गाठ कुठे आहे ते फोटोत दिसलं. ती कसली, किती जोराची, ते गाठीलाच विचारू. उद्या भूल देऊन, सोनोग्राफीवर बघत, सुईने बारीक तुकडा काढू. तिला दुखणार नाही.”

सारिकाने मान डोलावली.

आठव्या दिवशी कौस्तुभ रिपोर्ट नाचवत आला.

“बाई, न्यूरोब्लास्टोमाच! म्हटलं नव्हतं?”

“पुढे वाच.”

तो वाचू लागला. पेशी सौम्य वळणाच्या. जनुकांची तपासणी चांगली. पुढची ओळ त्याने दोनदा वाचली. या मुलीला हलकी औषधं पुरणार होती.

त्याने खिशातली कडक औषधांची यादी काढली. पहिलं औषध वाचलं, दुसरं वाचलं... सव्वा वर्षाचं लेकरू. यादी फाडून तो न सांगताच वॉर्डात गेला.

“ताई, साधी औषधं द्यायची आहेत. बरी होण्याची आशा खूप चांगली आहे.”

सारिकाने त्याचा हात कपाळाला लावला आणि पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.

बऱ्याच वेळाने तो परतला.

“बाई, मी बरोबर होतो... की चुकलो?”

“बरोबर तर तू तेव्हाही होतास,” बाई म्हणाल्या. “आज कामाचा झालास.”