गोधडीतला घास

थंडी पडली की भानजी महाराज बोरजाई गावी मुक्कामाला येत. लक्ष्मीनारायणाच्या देवळातली ओवरी, खाली घोंगडे, उशाला वीट. एवढ्यात त्यांचा संसार मांडून होई. मात्र रोज सकाळी महाराज हटकून चिमाबाई शिंपिणीच्या दारात जाऊन बसत. गावाला त्याचे मोठे नवल वाटे.

पण ते अंगण होतेच तसे! फुटक्या रांजणात तुळस, कान तुटलेल्या घागरीत शेवंती, गळक्या पोहऱ्यात अबोली. न्हाणीचे पाणी वळून झेंडूच्या आळ्यात जाई. नवरा गेल्यावर बाईने कोंड्याचा मांडा करून दिवस काढले, पण घरातली एक चिंधी वाया जाऊ दिली नाही. गोधडी शिवायला बसली की आधी ती अंगणाकडे बघे. शेवंतीशेजारी गोकर्णीचा निळा रंग खुलला, की तिच्या पिवळ्या चिंधीला निळी चिंधी जोडली जाई. महाराज म्हणत, "चिमाई, तुझं अंगण बघितलं की मला पोथी उघडावीशी वाटत नाही."

बोरजाईची रीत अशी, की भोगीच्या दिवशी देवाच्या शेजेवर थंडीचे नवे पांघरूण घालायचे. दरवर्षी तो मान त्रिंबकराव जहागीरदारांच्या मखमली दुलईचा. त्या साली चिमाबाईने वर्षभर खपून देवासाठी गोधडी शिवली. मधोमध नवऱ्याच्या लग्नातल्या पागोट्याचा लाल चौकोन घातला. भोगीच्या दुपारी ती भीतभीतच देवळात आली.

त्रिंबकरावांनी नाक मुरडले. "अगं चिमे, देव म्हणजे काय तुझ्या दारचा फुटका रांजण, की त्याच्यावर चिंध्या घालतेस?"

मंडळी खो-खो हसली. गोधडी चाचपताना त्रिंबकरावांच्या बोटांना कोपऱ्यात काहीतरी कडक लागले. "हे काय आहे?"

"घास हाय, सरकार. उपाशी गोधडी ऊब देत न्हाई, असं माझी आई सांगायची. आज पहिली तिळाची भाकर केली, तिचा तुकडा आत ठिवला आन् मगच शेवटचा टाका घातला."

"म्हणजे खरकटं! देवाच्या अंगावर खरकटं? ने ती गोधडी, आणि पुन्हा या देवळाची पायरी चढू नकोस."

फुलांची पहिली ओंजळ रोज याच देवाला वाहणारी ती बाई. तिने आता जावे कुठे? चिमाबाईने ओवरीत बसलेल्या महाराजांकडे पाहिले.

महाराज शांतपणे म्हणाले, "त्रिंबकराव, कोपरा उसवून बघा. घास निघाला तर गोधडी परत जाईल. नाही निघाला, तर ती देवाची."

चिमाबाई कळवळून म्हणाली, "महाराज, घास हाय त्यात! म्या माज्या हातानं घातलाय."

"ठाऊक आहे, बाई," महाराज हसले.

काय हा खरेपणा! स्वतःचे नुकसान होईल हे दिसत असूनही तिला खोटे सुचले नाही.

त्रिंबकरावांनी टाके उसवले. आत बोट घातले, मग दोन बोटे. कोपरा रिकामा! नुसते दोन तीळ त्यांच्या नखाला चिकटून आले.

"आत्ता तर हाताला लागला होता!" ते पुटपुटले.

महाराज म्हणाले, "गाभारा उघडा."

सकाळच्या पूजेनंतर गाभाऱ्याला कुलूप होते आणि किल्ली त्रिंबकरावांच्याच कमरेला. त्यांनी दार उघडले, समई पुढे धरली आणि तिथेच थिजले. देवाच्या काळ्याभोर ओठाला तिळाच्या भाकरीचा कण लागला होता! समोर त्रिंबकरावांनी सकाळी नैवेद्याला ठेवलेल्या चांदीच्या ताटातला केशरी भात जसाच्या तसा निवून गेला होता.

महाराज म्हणाले, "तुम्ही ताट वाढलंत ते गावाने बघावं म्हणून. हिने घास आत झाकून शिवला. देवाला भूक लागली, त्याने तो शोधून खाल्ला."

त्रिंबकराव रडत महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि चिमाबाईकडे बोट दाखवले.

ती बिचारी घाईने मागे सरली. "माज्या पाया नगा पडू, सरकार. आदी कोपरा शिवाया हवा. देवाचं पोट भरलं, पर गोधडी उपाशी ऱ्हायली की!"

त्रिंबकराव तसेच अनवाणी घरी गेले आणि स्वयंपाकघरातून भाकरीचा तुकडा घेऊन आले. तो त्यांनी स्वतःच्या हाताने कोपऱ्यात ठेवला. चिमाबाई टाके घालत गेली आणि त्रिंबकराव तिच्यासमोर गोधडी धरून बसले. शेवटचा टाका पडला तेव्हा त्यांनी त्या चिंध्यांवर डोके टेकले, ते बराच वेळ वर उचलले नाही.