साळिंदराची स्वच्छ जागा

एका डोंगरावरच्या रानात एक म्हातारे साळिंदर राहत असे. ते फार शिकलेले होते. रानात कुणाला एखाद्या शब्दाचा अर्थ अडला की तो साळिंदराच्या बिळाशी येई. साळिंदर अर्थ सांगे, आणि मग आपण सांगितले ते बरोबर होते की नाही, याची काळजी करत दिवसभर बसून राही.

पावसाळा सरून डोंगरमाथ्यावरचा सडा, म्हणजे सपाट कातळपठार, रानफुलांनी भरला, की तिथे सगळ्या प्राण्यांचा तीन दिवसांचा मेळा भरत असे. गाणी होत, नाच होत, आणि सर्वांना भुईमुगाच्या शेंगा मिळत. मुक्कामासाठी प्रत्येक कळपाला दगडांची ओळ लावून जागा आखून दिलेली असे. मेळ्याचा नियम एकच होता : ‘आपली जागा स्वच्छ ठेवावी.’ शेवटच्या सकाळी गवा सगळा सडा फिरून पाही. ज्यांच्या जागेत घाण सापडे, त्यांना पुढच्या वर्षी अगदी टोकाला, उघड्या कातळावर उतरावे लागे, आणि त्यांची जागा शेजारच्या स्वच्छ कळपाला मिळे.

साळिंदरांच्या शेजारी सशांची जागा होती. तिथे मोठ्या खडकाखाली एक कपार होती. इतरांच्या लेखी ती नुसती सावली. सशांचा मात्र जीव त्या कपारीवर होता. कारण सड्यावर गरुड घिरट्या घालत असे, आणि तो मेळ्याला येत नसल्यामुळे मेळ्याचे नियमही पाळत नसे.

त्या वर्षी साळिंदर तीन दिवस, जो भेटेल त्याला, नियमाचा अर्थ समजावून सांगत होते. त्याचे दोन पुतणे तीन दिवस शेंगा खात होते. शेवटच्या सकाळी साळिंदराने वळून पाहिले, तर जागेत टरफलांचा हा ढीग! आणि पलीकडून गव्याच्या खुरांचा आवाज येऊ लागला होता.

“काका, आता एवढं कधी उचलणार?” धाकटा पुतण्या म्हणाला. “ससे तळ्यावर गेलेत. सारू का तिकडे?”

साळिंदर घाबरले. घाबरले की त्याला हटकून एखादा अर्थ सुचे. “नियमात ‘आपली जागा’ असं म्हटलंय,” ते पुटपुटले. “शेजाऱ्याच्या जागेबद्दल नियमात काहीच नाही. शिवाय वारा तिकडेच वाहतोय. वाऱ्यानंही हेच केलं असतं.”

तिघांनी मिळून टरफले दगडांच्या ओळीपलीकडे लोटली. तेवढ्यात गवा आला. त्याच वेळी म्हातारी सशीण आपल्या नातवंडांना घेऊन तळ्यावरून परतली.

“वा, काका!” गवा साळिंदरांच्या जागेकडे पाहून म्हणाला. “एक टरफल नाही. याला म्हणतात शिकलेल्याची जागा.” मग तो वळला. “आजी, हे काय? तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती.”

“ससे खातात चिमूटभर आणि सांडतात डोंगरभर!” झाडावरून एक माकड ओरडले. सगळे हसले.

सशीण ढिगाजवळ गेली. तिने वाकून वास घेतला, ढिगातून काहीतरी उचलले आणि पंजाखाली धरले. मग क्षणभर तशीच उभी राहिली. कुणीच काही बोलेना, तेव्हा ती म्हणाली, “आमच्या जागेत आहे, तर आम्ही उचलतो.”

“नियम माहीत आहे ना?” गवा म्हणाला. “पुढच्या वर्षी तुम्ही कातळावर. कपार साळिंदरांना.”

सशाच्या एका पिलाने नकळत वर आभाळाकडे पाहिले.

साळिंदराने ते पाहिले. त्याने तोंड उघडले. “काका, कपार मिळाली!” पुतण्या कानाशी कुजबुजला. “आता कृपा करून अर्थ सांगू नका.” साळिंदराने तोंड मिटले. गवा पुढे गेला.

टरफले उचलून झाल्यावर सशीण साळिंदराकडे आली. तिच्याकडे बघवेना, म्हणून साळिंदराने उगीच विचारले, “आजी, सकाळी सकाळी तळ्यावर कशाला गेला होतात?”

“काठावर साली पडल्या होत्या. त्या काढायला.”

“पण तळं तुमच्या जागेत येत नाही.”

“नियमात ‘आपली जागा’ म्हटलंय ना? ‘आमची’ म्हटलं असतं, तर आम्ही कपारीपुरतंच झाडलं असतं. मी काही शिकलेली नाही, भाऊ. ‘आपली’ म्हणजे तुमची-आमची, सगळ्यांची, असं मी समजले. चुकलं का माझं?”

हा अर्थ साळिंदराला ठाऊक होता. तीन दिवसांत तो त्याने एकदाही कुणाला सांगितला नव्हता.

सशिणीने पंजा उघडला. त्यात काळा-पांढरा लांब काटा होता. “हा तुमचा. टरफलांत होता. पोरांच्या पायात जाईल म्हणून बाजूला केला.”

साळिंदराचे सगळे अंग आक्रसले. “तुम्ही... गव्याला का दाखवला नाहीत?”

“तीन दिवस शेजारी राहिलो आपण. चारचौघांत शेजाऱ्याचा काटा काढायचा का?” ती हळूच म्हणाली. “तुम्हीच सांगाल, म्हणून जरा थांबले होते.”

एवढे बोलून ती पिलांना घेऊन निघाली. मुलांनो, तिने चार शब्द सुनावले असते, तर साळिंदराला फार सोपे गेले असते.

ते काटा तोंडात धरून गव्यामागे धावले. सगळे कळप निरोपासाठी जमले होते. त्या सगळ्यांसमोर त्याने काटा खाली ठेवला आणि ते म्हणाले, “ती टरफलं आमची होती. मी लोटली.”

कुणी हसले नाही. माकडसुद्धा नाही.

“मग मघाशी का बोलला नाहीत?” गव्याने विचारले.

“मघाशी शरम वाटली.”

“आणि आता?”

“आता जास्त वाटते,” साळिंदर म्हणाले.

कपार सशांकडेच राहिली. पुढच्या वर्षी साळिंदर उघड्या कातळावर उतरले. काटे असल्यामुळे गरुडाची त्याला भीती नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर मात्र काट्यांनी अडत नव्हती. कुणी नियमाचा अर्थ विचारायला आले, तर ते मान खाली घालून म्हणे, “सशीणआजींना विचारा.” आणि समोर पडलेले टरफल, ते कुणाचे आहे हे न पाहता, उचलू लागे.

तात्पर्य : शेजाऱ्याकडे लोटलेला कचरा आपल्याच जागेत राहतो, कारण जिथे सगळे मिळून राहतात, तिथली सगळी जागा आपलीच असते.